चाळीस टक्के

निवृत्त हवालदारांना कुणीही "तब्येत काय म्हणते?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "एकदम ठणठणीत." बावीस वर्षं लष्करात अवजड गाड्या चालवल्या, शेवटच्या वर्षी गाडी घाटात उलटली, कमरेचे दोन मणके दबले, उजव्या हाताची पकड गेली. तरी ठणठणीतच.

अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज बायकोने भरला. कचेरीतल्या कारकूनबाईंनी तिला नीट समजावलं होतं. "ताई, दोनच गोष्टी बघतात. इजा नोकरीत झाली का, त्याचे कागद तुमच्याकडे आहेतच. आणि रोजच्या जगण्यात ती किती आड येते. त्यावरून डॉक्टर टक्के ठरवतात. वीसच्या खाली गेलात तर हातात भोपळा. तेव्हा वाईट दिवशी काय होतं ते सांगायचं, चांगल्या दिवसाचं कौतुक नको."

मग घरी तालीम सुरू झाली. बायको डॉक्टर व्हायची.

"शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात."

"अहो, रोज मी लावते ना!"

"मग, लागतात की नाही?"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

तपासणीच्या दिवशी हवालदारांनी डाव्या हाताने पाऊण तास बूट चमकवले. इस्पितळात लिफ्ट असून दोन मजले जिन्याने चढले, बायको मागोमाग. आत टेबलामागे गणवेशातले डॉक्टर दिसले मात्र, हवालदारांच्या टाचा आपोआप जुळल्या.

"काही त्रास?"

"नाही सर!"

"वाकता येतं?"

"येतं सर!"

हवालदार वाकले. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. उठा."

"उठतो सर," हवालदार फरशीकडे बघत म्हणाले. पण उठले नाहीत.

डॉक्टर खुर्ची सोडून जवळ आले. "नेहमी होतं का असं?"

हवालदारांना फक्त डॉक्टरांचे बूट दिसत होते, खांद्यावरचे तारे दिसत नव्हते. बहुधा म्हणूनच ते बोलले. थंडीत रात्र खुर्चीत बसून काढावी लागते. पेला हातातून निसटतो. नात उचलून घे म्हणते, तेव्हा 'तू आता मोठी झालीस' असं सांगतात. ती तीन वर्षांची आहे.

हे शेवटचं बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दोन मदतनिसांनी हवालदारांना हळूहळू सरळ केलं.

महिन्याभराने पत्र आलं. चाळीस टक्के मंजूर. बायकोचा जीव भांड्यात पडला. हवालदार मात्र दोन दिवस ते पत्र पुन्हा पुन्हा उघडून वाचत राहिले.

"चाळीस टक्के निकामी! आणि वर सरकारी शिक्का!"

"निकामी कुठे लिहिलंय? अपंगत्व म्हटलंय."

तिसऱ्या दिवशी ते एकटेच कचेरीत गेले. "अपील करायचंय."

"करा की," कारकूनबाई म्हणाल्या. "किती वाढवून हवेत?"

"कमी करून हवेत. पंचवीस चालतील."

बाईंनी चष्मा काढला. "काका, कमी करून मागायचा फॉर्म अजून निघालेला नाही. साध्या कागदावर द्या. पण कारण लिहावं लागेल."

हवालदार कोरा कागद घेऊन बाकावर बसले. दुपारची सुट्टी झाली तरी कारण सुचलं नाही. आणि उठायला गेले, तर उठता येईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग हाक मारली.

"बाई, जरा हात देता का?"