सोनेरी रंगाखालचे शटल

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. घरात फॉल-पिको करणारे नाजूक मशीन नव्हे. मी बिडाचे, अंगाने दांडगे, रेक्झिन आणि ताडपत्री शिवणारे कारखान्यातले मशीन आहे. माझी कीव करणारे पुष्कळ भेटले. तुम्ही तेवढे करू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला, पण तिथले मला काही आठवत नाही. बोटीतून आणि ट्रकमधून आल्यावर माझे लाकडी खोके उघडले, तेव्हा समोर पुण्याच्या घोरपडे पेठेतला लांबट पत्र्याचा कारखाना होता. मालक अनंतशेठ. माझ्याच घडणीचे आणखी एक मशीन माझ्याबरोबर आले होते. आम्हां दोघांना शेजारीशेजारी बसवले. रिक्षांचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, बसच्या सीटा हे आमचे काम. त्या काळी स्वारगेटला उभ्या असलेल्या कितीतरी रिक्षांच्या डोक्यावर माझे टाके होते.

सुरुवातीला माझ्यावर पोपट नावाचा कारागीर बसायचा. हात चांगला होता, पण खाडे फार. अशाच एका खाड्याच्या दिवशी प्रेमला माझ्यासमोर येऊन बसली. ती दांडेकर पुलाजवळ राहायची आणि कारखान्यात दोरे तोडायचे काम करायची. अनंतशेठ धावत आले. हे बायकांचे मशीन नव्हे, पायाला झटका बसतो, बोट जाईल, असे बरेच काही म्हणाले.

प्रेमला म्हणाली, "बोट पोपटचंही जाईल. त्याला कधी सांगितलंत?"

तिने पायाने पॅडल दाबले. पहिली शिलाई वाकडी गेली. तिने ती निमूटपणे उसवली आणि पुन्हा घातली. संध्याकाळपर्यंत हूड तयार झाला. त्यानंतर पोपट परत आला तेव्हा त्याला दुसऱ्या मशीनवर बसावे लागले.

आमची दुरुस्ती मकसूदभाई करायचे. नाना पेठेतून लुनावर यायचे. स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. इतर कारागीर तेवढ्यात चहाला जात. प्रेमला जात नसे. काय ऐकू येते ते ती विचारी. मकसूदभाईंनी एक दिवस स्क्रूड्रायव्हर तिच्याच कानाला लावला. माझ्या पोटात एक वाटोळे पोलादी चाक फिरते, त्याला शटल म्हणतात. त्याला टोकदार चोच असते. सुई खाली आली की ती चोच वरचा दोरा पकडते आणि खालच्या दोऱ्याभोवती गुंफते. चोच केसभर चुकली तरी टाका सुटतो. हे सगळे प्रेमला त्या दिवसापासून कानाने शिकली. पुढे मकसूदभाई आले तरी सांगत, "आधी प्रेमलाला दाखवा. तिला नाही जमलं तर मला बोलवा."

खंडेनवमीला शेठ माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालत, कुंकू लावत. प्रेमला बाजूला उभी राहून म्हणे, "माळेनं मशीन चालत नाही, शेठ. तेलाचा डबा संपलाय." शेठ हसत आणि डबा मागवत. माझे ते दिवस मानाचे होते.

मग काळ बदलला. बाहेरून वजनाने हलकी, आवाज न करणारी नवी मशीने येऊ लागली. रिक्षांचे हूड कुठल्या तरी मोठ्या कारखान्यातून तयार होऊन यायला लागले. अनंतशेठ थकले. त्यांचा मुलगा अनिरुद्ध वाईट नव्हता, पण त्याला ताडपत्रीचा वास सहन होत नसे. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघत होते. त्याने कारखान्यात तसाच वर्ग काढायचे ठरवले. माणसांना घरी जायला सांगितले. शेठनी जाताजाता प्रेमलाला एक मशीन घेऊन जायला सांगितले. ती माझ्याकडे वळली.

पण मी आधीच दिलेले होते. अनिरुद्धच्या एका मित्राला जंगली महाराज रस्त्यावर कपड्यांचे शोरूम काढायचे होते आणि काचेमागे ठेवायला त्याला एक जुने मशीन हवे होते. त्याला माझ्या अंगाचा बाक आवडला होता.

प्रेमला त्या मित्राला म्हणाली, "हे चालू आहे. शोभेलाच ठेवायचं तर ते दुसरं न्या. ते रडतखडत चालतं."

तो म्हणाला, "ताई, दिसायला हे चांगलं आहे."

माझ्या जोडीदाराला प्रेमला घेऊन गेली, आणि मला टेम्पोत चढवले. तिने त्या दिवशी सकाळीच मला तेल घातले होते.

शोरूममध्ये त्यांनी माझा पट्टा काढून टाकला, मोटर काढली आणि मला नखशिखांत सोनेरी रंग फासला. तेलाची भोके बुजली, स्क्रूंच्या खाचा बुजल्या. सुईखाली एक रेशमी ओढणी कायमची अडकवून ठेवली. लोक यायचे, वा म्हणायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तूला निदान राग धरता येतो. माझे तर कौतुक चालले होते आणि आतून मी आखडत होते. समोरच्या रस्त्यावरून रोज हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या जायच्या. गळ्यात ओळखपत्र घातलेली मुले-मुली आत पेंगत असायची. त्या सीटा कोण शिवत असेल, एवढाच विचार मी काचेमागून करी.

त्या प्रेमला शिवत होती. हे मला नंतर कळले. वारज्याला एका शेडमध्ये तिने आणि कारखान्यातून घरी बसलेल्या दोघीजणींनी माझ्या जोडीदारावर काम सुरू केले होते. मच्छिंद्र नावाच्या माणसाच्या बसगाड्या कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या होत्या, आणि त्याच्या सीटांचे सगळे काम या तिघींकडे होते. तीन घरांच्या चुली त्या एका रडतखडत चालणाऱ्या मशीनवर पेटत होत्या. प्रेमलाने त्याला तळहातावर जपले होते.

आणि ऐन कामात त्याच्या शटलची चोच तुटली.

मच्छिंद्र येऊन उभा राहिला. तो आवाज चढवून काही बोलला नाही. नव्या बसगाड्या पुढच्या आठवड्यात रस्त्यावर यायच्या होत्या. सीटा झाल्या नाहीत तर काम चाकणच्या एका कारखान्याला जाईल, आणि एकदा गेलेले काम परत फिरणार नाही, एवढेच त्याने सांगितले. प्रेमला मशीन कंपनीच्या एजंटाकडे गेली. हा पार्ट यायचा बंद झाला, आता हे मशीन म्युझियमला द्या, असे ऐकून ती परतली. मकसूदभाईंनी म्हातारपणी गुडघे धरत जुना बाजार पालथा घातला. मिळाले ते शटल जाडीला जास्त निघाले. लेथवर एक करून घेतले, तर त्याची चोच रेक्झिनच्या पहिल्याच घडीत दुमडली. पोलाद तापवून त्याला नीट पाणीच दिलेले नव्हते.

शेवटी मकसूदभाई हळूच म्हणाले, "एक शटल मला माहीत आहे, प्रेमला. तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होते. इतकी वर्षे ती बसमधून जाताना त्या काचेकडे पाठ करून बसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे शोरूममध्ये आले. प्रेमलाच्या कानाजवळचे केस पिकले होते. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने चाकावर हात ठेवला. तिथली मॅनेजर चैताली लगबगीने पुढे आली.

"काकू, प्लीज, हात लावू नका. डिस्प्लेचं आहे ते."

"डिस्प्लेचं आत्ता झालं," प्रेमला म्हणाली. "त्याआधी रोज हातच लावत होते."

मग तिने आपले काम सांगितले. आतला एक तुकडा हवा आहे. त्याच्या जागी ती आपला तुटका तुकडा बसवेल. बाहेरून कुणाला काही दिसणार नाही. चैतालीला ते पटेना, पण उडवून लावणेही तिला जमेना. तिने मालकाला फोन लावला. फोनवर बराच वेळ बोलणे झाले. उत्तर एकच आले, मशीन उघडायचे नाही.

प्रेमलाने चप्पल काढून बाजूला ठेवली आणि ती काचेमागे, माझ्या पायाशी, मांडी घालून बसली. दोन्ही बाजूंना भरजरी कपड्यातले पुतळे होते. फुटपाथवरची माणसे थांबून बघायला लागली.

चैताली म्हणाली, "काकू, असं नका ना करू. माझी नोकरी जाईल."

"तुझी जाऊ नये असं मला वाटतं, बाळ. पण आमच्या तिघींची जायला लागलीय. हे इथं नुसतं बसून आहे म्हणून."

चैतालीने विचारले, "पण तुमचा तुटका तुकडा घालून हे चालेल कसं?"

"याला कुठं चालायचंय?" प्रेमला म्हणाली.

मित्रांनो, ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. पण ती म्हणताना माझ्याकडे बघू शकली नाही, हेही मी पाहिले.

चैताली मागे जाऊन एक फडके घेऊन आली आणि प्रेमलाच्या हातात देत म्हणाली, "सर उघडू नका म्हणालेत. पुसू नका असं म्हणाले नाहीत. तुम्ही पुसायला आलाय. मी तिकडं बिलं बघते."

मकसूदभाईंनी पिशवीतून रॉकेलची बाटली काढली. स्क्रूड्रायव्हर प्रेमलाने घेतला. रंगाने स्क्रू असा धरला होता की दोनदा टोक निसटून तिच्या तळहाताला लागले. तिने रॉकेल सोडले, थांबली, पुन्हा जोर लावला. इतक्या वर्षांनी माझा पहिला स्क्रू कुरकुरत फिरला. तळाची पट्टी निघाली. बाहेरून मला रंगवणाऱ्यांचा हात आतपर्यंत पोचला नव्हता. तिने शेवटचे घातलेले तेल माझ्या शटलवर चिकट होऊन अजून टिकून होते. त्याखाली पोलाद लखलखीत होते. मकसूदभाईंनी चोचीवरून नख फिरवले आणि पसंतीची मान डोलावली.

शटल रुमालात बांधून झाले. तुटके माझ्यात बसवून झाले. आता निघायचे, तर प्रेमला एकेका भोकातला रंग सुईने टोकरत बसली आणि त्यात तेल सोडू लागली. मकसूदभाई म्हणाले, इथे तेल वाया कशाला घालवतेस.

ती म्हणाली, "बंद आहे. मेलेलं नाही."

मच्छिंद्रच्या सीटा वेळेत झाल्या. माझ्या पोटातले शटल वारज्याला फिरत होते आणि मी इथे रिकामे उभे होते. तरीही त्या दिवसापासून समोरून बस गेली की मी ताठ उभे राहायला लागले. मला कुणी शोभेची वस्तू म्हटले तर म्हणो.

पण प्रेमला तेवढ्यावर थांबली नाही. पार्ट मिळत नाही हे ऐकून घेण्याचा तिला आता कंटाळा आला होता. भोसरीत सुखदेव नावाचा एक जण लहानशा वर्कशॉपमध्ये धातू कापायचे कटर करायचा. जोडीदारात बसवलेले माझे शटल नमुन्यासाठी उतरवून ती त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने बनवलेले पहिले शटल फुटले, पुढचे वाकले. ती पुन्हा पुन्हा जात राहिली. सुखदेव वैतागला, मग त्यालाही ईर्ष्या चढली. पोलाद बदलले, पाणी देण्याची रीत बदलली. अखेर एक शटल असे उतरले की जाड रेक्झिनच्या चार घड्यांतून सुई गेली तरी टाका सुटला नाही. मकसूदभाईंनी ते पाहिले, हे फार बरे झाले. पुढच्या वर्षी ते गेले.

दरम्यान शोरूम एका मॉलमध्ये हलले. तिथल्या नव्या सजावटीत माझे काम नव्हते. मला भंगारात द्यायचे ठरले. चैतालीने प्रेमलाला फोन केला, आणि भंगारवाल्याच्या आधी प्रेमलाचा टेम्पो आला.

वारज्याच्या शेडमध्ये मी माझ्या जोडीदाराशेजारी पुन्हा बसले. सुखदेवने केलेले नवे शटल प्रेमलाने माझ्यात बसवले, मोटर जोडली, पट्टा चढवला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून चाक हाताने फिरवले. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिने पायाने पॅडल दाबले. माझा पहिला टाका सुटला. दुसराही सुटला. तिने शटल केसभर सरकवले, आणि तिसऱ्या टाक्यापासून शिलाई धरली ती धरलीच.

रंग मात्र तिने खरवडला नाही. तेलाच्या जागा मोकळ्या केल्या, बाकीचा राहू दिला. आता कोल्हापूरहून, सोलापूरहून माझ्यासारख्यांची बंद पडलेली भावंडे इथे येतात आणि नवे शटल घालून, चालती होऊन परत जातात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, गल्लीत एखादे जुने यंत्र असेल तर त्याला हार घालू नका, रंगही देऊ नका. त्याला तेल द्या. तुटलेला तुकडा फेकण्याआधी तो हातात घेऊन बघा आणि तो घडवणारा माणूस शोधा. मिळत नाही असे कुणी सांगितले तर आणखी चार ठिकाणी विचारा. आणि माझ्याबद्दल हळहळत इथे उभे राहू नका. माझ्या सुईखाली बसची सीट आहे. प्रेमलाने पॅडलवर पाय ठेवला आहे. जरा बाजूला व्हा, उजेड अडतो आहे.