उलटं जेवण

मीराला या जेवणांतून काय मिळवायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः सांगणार नव्हती. विचारलं की म्हणायची, "सुट्ट्या आहेत, पोरीला थोडी मजा नको का?" मजा हवी होतीच, पण त्याआधी तिला पोरगी हवी होती. दहावी झालेली श्रावणी जूनमध्ये नागपूरला आत्याकडे अकरावीला जायची होती. अॅडमिशन झाली होती. सासरे विनायकराव 'हो' म्हणाले, नवरा अनिमेष 'हो' म्हणाला, मीरानंही मान हलवली आणि मग गुपचूप कामाला लागली. दर रविवारी एक जेवण, प्रत्येकाची काहीतरी थीम, आणि एखाद्या रविवारी पोरीनंच म्हणावं, मी नाही जात. पोरगी आपण होऊन म्हणाली तर आईवर खापर कोण फोडणार?

पहिल्या रविवारी रेल्वेचं जेवण झालं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घराच्या हॉलला बोगी केलं, अनिमेष लाल गमछा गुंडाळून "चाय गरम" करत फिरला आणि विनायकरावांनी आपल्याला लोअर बर्थच पाहिजे म्हणून भांडण काढलं. नंतर पांढरं जेवण झालं, दहीभातापासून रसगुल्ल्यापर्यंत. श्रावणी पोट धरून हसली, तिनं फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेत आणखी दोन कुर्ते भरले.

मे संपत आला, नवतपा लागला, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आत्या देवश्री भाचीला न्यायला येणार होती. मीराच्या हातात एकच जेवण उरलं होतं.

"इस बार सब उलटा करते हैं, मम्मी," श्रावणीच म्हणाली. "कपडे उलटे, बैठना उलटा, परोसना उलटा."

मीराला कल्पना इतकी आवडली की ती उन्हातच गोल बाजारात जाऊन पत्रावळी घेऊन आली. नेहमी टेबलावर जेवतो, तर आज जमिनीवर. नेहमी स्वयंपाकघराकडे तोंड असतं, तर आज त्याच्या विरुद्ध, दक्षिणेच्या भिंतीकडे. पानाभोवतीची रांगोळी उलट्या हातानं फिरवली. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे. खीर आधी, वरणभात शेवटी.

कुठल्याही जुन्या घरात एखाद्या म्हातारीनं हे पान पाहून तिचा हात धरला असता. पण या घरात पितरांचं असंच उलटं पान मांडलेलं मीरानं कधी पाहिलंच नव्हतं. तिचं लग्न झालं त्याच्या आधीपासून विनायकराव पितृपक्षात पुरानी बस्तीतल्या गुरुजींकडे जायचे, सगळं तिथंच उरकायचं आणि घरी फक्त प्रसादाचा डबा यायचा. घराला सोयीचं म्हणून ठेवलेलं हे अंतर. त्या दिवशी ते महागात पडलं.

सहाला देवश्रीचा फोन आला. गाडी रद्द झाली होती, ती उद्या सकाळी येणार होती. मीराला मनातून बरंच वाटलं. पाच पानं वाढून झाली होती, पाचवं तसंच राहू दिलं.

जेवायला बसताना श्रावणीनं नियम सांगितला. निरोप आधी द्यायचा, स्वागत शेवटी करायचं. म्हणून सगळ्यांनी आधी हात जोडून "बरं, येतो आम्ही" म्हटलं आणि मग खिरीला हात घातला. अनिमेषनं शर्ट उलटा घातला होता, त्याचं लेबल गळ्यापाशी लोंबत होतं.

"आजोबा, तुम्ही तर काहीच उलटं नाही केलं," श्रावणी म्हणाली. "वो जनेऊ तो उलटा करो."

विनायकराव उघड्या अंगानं बसले होते. नवतप्यात त्यांना बनियनही सोसत नसे. खिरीच्या नादात त्यांनी जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं. "घे बाई. आता खुश?"

वरणभात संपला आणि श्रावणी उठली. पाठमोरी चालत, ठेचकाळत, हसत ती दारापर्यंत गेली. दार उघडलं. बाहेर अजून उजेड होता, गल्लीत उकाडा दाटला होता आणि माणूस एकही नव्हतं.

"या, या," ती ऐटीत म्हणाली. "जेवायला बसा. पान वाढलं आहे."

अनिमेषनं टाळ्या वाजवल्या. विनायकरावांनी हात पुसायला खांद्यावरच्या पंच्याकडे नेला, बोटांना जानवं लागलं. त्यांनी खाली पानाकडे पाहिलं. चटणी कुठे, भाजी कुठे. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"सूनबाई," ते हळू म्हणाले, "हे असं काहून वाढलं तू?"

"उलटं जेवण आहे ना बाबा."

"दार लावून घे पोरी," ते श्रावणीला म्हणाले. पण त्यांच्या सांगण्यातच जोर नव्हता. दारातून गार हवेची झुळूक आत आली. त्या दिवसांत रायपुरात कूलरसमोरही कोणाला गार लागत नाही. झुळूक चौघांच्या पाठीवरून गेली आणि पाचव्या पानापाशी थांबली.

मीरानं भांडी गोळा केली, फरशी पुसली, पाचवं पान शेवटी उचलायला गेली. खीर संपली होती. भात संपला होता. उजव्या बाजूनं सुरुवात करून कोणीतरी नीट, सावकाश, एकेक पदार्थ खाल्ला होता, आणि रांगोळीची एक रेघही मोडली नव्हती.

"अनिमेष, तू खाल्लंस?"

"अगं, माझंच पोट फुटून राहिलं आहे."

दुसऱ्या दिवशी देवश्री आली. टेबलावर बसून तिनं चार पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे एसी घेतला का? किती गार लागतंय."

श्रावणी टेबलाशी आलीच नाही. ती भिंतीपाशी जमिनीवर बसली होती. तिनं समोर दोन पत्रावळी घेतल्या होत्या. एक तिची आणि एक उलटी वाढलेली.

"चल बेटा, बॅग बंद कर," देवश्री म्हणाली. "उद्या निघायचं."

"मैं नहीं जा रही, आत्या."

मीराच्या हातातला झारा तसाच राहिला. पाच आठवडे तिनं या एका वाक्यासाठी घाम गाळला होता.

"काहून गं?" विनायकरावांनी विचारलं.

"मैंने बुलाया ना," श्रावणी साधेपणानं म्हणाली. "मैं चली गई तो उनको कौन परोसेगा?"

"उनको म्हणजे कोणाला?"

श्रावणीनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, तिथून काही कळतंय का ते ऐकल्यासारखी थांबली आणि खांदे उडवले. "नाम नहीं बताते."

विनायकराव त्याच दुपारी, डोक्याला पंचा बांधून, पुरानी बस्तीत गुरुजींकडे गेले. परत आले तेव्हा पंचा भिजला होता आणि चेहरा उतरला होता. मीरा पाणी घेऊन आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कोणाच्या नावानं करू? नाव सांगा, गोत्र सांगा. आपल्या माणसांना नाव घेऊन बोलावतात, मग नाव घेऊन वाटेला लावतात. आपण दार उघडून नुसतं 'या' म्हटलं." ते पाणी न पिताच बसले. "अन् निरोप तर आधीच देऊन बसलो."

"मग आता?"

"वाढणारा वाढत राहिला तर काही त्रास नाही म्हणे. ज्याच्या हातचं खाल्लं, त्याच्यापाशी राहते ते."

मीरा स्वयंपाकघरात गेली. तिथून तिला पोरगी दिसत होती, पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून. तिला हवी होती तशी, घरातच, कुठेही न जाणारी. पंचविसाव्या वर्षीही ती तिथंच असेल, पन्नासाव्या वर्षीही. बोलताना शेजारच्या जागेकडे बघून थांबेल. हवं ते मिळालं होतं.

तिनं पदर खोचला. ताजा भात काढला, वरण घातलं, भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे. पान घेऊन ती श्रावणीच्या आणि त्या जागेच्या मधोमध जाऊन बसली. गारवा तिच्या डाव्या दंडाला लागला.

"स्वयंपाक या घरात मी करते," ती रिकाम्या जागेला म्हणाली. पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात, जरा दटावून. "कालची खीर पण माझीच होती. पोट्टीनं फक्त दार उघडलं. ती लहान आहे, तिला तिकडे शिकायचं आहे. इथून पुढे माझ्या हातचं जेवायचं."

बऱ्याच वेळानं पानातला भात एका कडेनं खचला.

श्रावणीनं डोळे चोळले. "मम्मी, मेरी बैग में वो नीला वाला कुर्ता रखा क्या?"

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मीरा आली नाही. घरी पान वाढायची वेळ होती.

तर झालं ते असं. देवश्रीला भाची मिळाली. श्रावणीला नागपूर मिळालं, ती फोनवर सांगते, इथली मेस बेकार आहे, मम्मी, पण मजा येते. घर गार राहतं म्हणून विनायकरावांची मे महिन्यातली तगमग गेली, ते दुपारभर शांत झोपतात. अनिमेषला वेळेवर गरम जेवण मिळतं आणि तो फार विचारत नाही. जो आला त्याला दोन वेळचं मिळतं. दिवाळीला सगळे नागपूरला जाऊन आले, पोरीनं तिथं स्वतः थीम ठरवून जेवण केलं म्हणे. मीरा गेली नाही. तिला घर सोडून एक जेवणाची वेळही कुठे जाता येत नाही, आणि पोरीला घरी ये म्हणायचंही तिनं बंद केलं आहे.