निळ्या घेरातली लाल फुले

१९९१ साली शहरातल्या संग्रहालयातून आमच्या सिनाईतल्या वस्तीवर निरोप आला. आमच्या टोळीचे जुने कपडे तिथे जमवले होते आणि त्यांची माहिती लिहून घ्यायला जाणती बाई हवी होती.

सबहाआत्याचा झगाही तिथे होता. तिला चालवत नव्हते, म्हणून मी निघाले. तिने माझा हात धरला.

"हिलाला, पाठीकडच्या घेरात लाल आहे ना, ते मी मनाने घातलंय म्हणून सांग. लिहून घ्यायला लाव."

"आता या वयात कशाला, आत्या?"

"मग कधी? मेल्यावर?"

आमच्यात विधवा आपला झगा निळ्या दोऱ्याने भरते. पुन्हा संसार मांडावासा वाटला, की त्यात लाल फुले काढते. तोंडाने बोलावे लागत नाही. आत्याने उंटवाल्या सल्मानसाठी तीन फुले काढली. सुईत दोरा मी ओवत होते, आठ वर्षांची. चौथे फूल अर्धे असताना तिचा दीर म्हणाला, "कर खुशाल लग्न. पण ऊदे आमच्या घरी राहील." आत्याचा मुलगा ऊदे तेव्हा चार वर्षांचा होता. आत्याने सुई ठेवली. काढलेले मात्र उसवले नाही.

मला शहरात नेले ते ऊदेनेच. त्याला यातले काही ठाऊक नव्हते.

संग्रहालयातल्या निवीनबाईंनी झगा पसरला आणि नेमके तिथेच बोट ठेवले. "मावशी, इथे रंग का बदललाय?"

माझ्या आधी ऊदेच हसला. "अहो, आमची आई महाचिकट! हाताला येईल तो दोरा घालायची. हो ना गं, ताई?"

आईचे केवढे कौतुक होते त्याच्या तोंडावर! मी म्हटले, "हो. निळा दोरा संपला होता."

बाईंनी तसे लिहून घेतले.

घरी आत्या वाटच बघत होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, फुलं सुरेख आहेत."

सत्तरीची आत्या लाजली. तिने ओढणी तोंडावर ओढून घेतली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. सल्मान तिच्या आधीच गेला होता, बिनलग्नाचा. ऊदेची बायको वारली तेव्हा त्याने वर्षाच्या आत दुसरी आणली. त्या लग्नात मीही गायले. निवीनबाईंची बदली झाली. पुढे मी एकदा संग्रहालयात जाऊन खरे सांगितले. नवा कारकून म्हणाला, "झगा मुलाच्या नावाने दिलेला आहे. त्याची सही आणा, बदलतो."

ऊदे शेजारीच राहतो. रोज संध्याकाळी मला गरम भाकरी आणून देतो. त्याला मी अजून विचारलेले नाही.