खिशातलं बोट

मी रंग पुसायचा फडका बोलतोय. नाक मुरडू नका. नाकं पुसण्यातच माझी हयात चाललीय.

पूर्वी मी बाबांचा शर्ट होतो. बाबा छापखान्यात कामाला. त्यांचं एक बोट कधीतरी यंत्रात सापडलं, तेव्हापासून ते रुसल्यासारखं दुसरीकडेच बघतं. मी कोपरात फाटलो, तशी आईने माझ्यावर कात्री चालवली. छातीचा तुकडा खिशासकट चित्रकला शिकणाऱ्या लेकीकडे आला.

वर्षअखेरीला तिला युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या एका चित्राची तैलरंगात नक्कल करायची होती. चित्रात दाढीवाला म्हातारा साधू, छातीवर हात ठेवलेला. सरांचा एकच धोशा, स्वतःची अक्कल चालवायची नाही. हुबेहूब जमलं तर पुढचा वर्ग, नाहीतर पुन्हा हाच.

पोरीने नखं कुरतडून संपवली. नाक काढायची, मला ओढायची, पुसायची. किती नाकं गिळली मी! शेवटी चेहरा जमला, पण हात अडला. समोर ठेवलेल्या छापील चित्रात हातावर अंधार, बोटं सरळ आहेत एवढंच कळायचं. मग तिने बाबांनाच छातीवर हात ठेवून स्टुलावर बसवलं. बाबा हलायचे, ती ओरडायची. 'साधूला चहा तरी विचारा,' असं त्यांचं आपलं चालू.

हात असा उतरला की आता खाजवेल. आई बघून म्हणाली, "अगंबाई, हे बोट तर आपल्या घरातलं!"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. वाकडं बोट जसंच्या तसं आलं होतं. सर दुसऱ्या दिवशी बघणार, आणि रंग वाळला की पुसणं संपलं. तिने मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ज्या हाताने रोज माझी बटणं लावली, तोच मी पुसायचा?

बाबा म्हणाले, "पूस बिनधास्त. त्या म्हाताऱ्याचं बोट सरळ होतं ना? मग त्याचं त्याला दे. माझं माझ्याकडे आहे."

तिने डोळे मिटून मला फिरवलं. मग सरळ बोट काढलं. सरांनी छापील चित्र शेजारी धरून एकेक बोट ताडून पाहिलं. शेवटी नुसतं "हात बरा आलाय" म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. पोरगी पास.

आता मी तारेवर वाळतोय आणि आई माझ्याकडे हातात साबण घेतल्यासारखी बघतेय. मला धुऊ नका. बोळा करून कोपऱ्यातही कोंबू नका. रंगातलं जवसाचं तेल प्यायलोय, आतल्या आत तापून पेट घेईन, मग मलाच आगाऊ म्हणाल.

असाच लटकू द्या. पुसताना बाबांचं ते वाकडं बोट नेमकं माझ्या खिशावर उमटलंय. अजून ओलं आहे.