वाटेकडचा मका

सरपंचबाईंनी दोन घरांत मिळून खताचं एक पोतं दिलं होतं. फालेसी आणि तिची धाकटी बहीण एनेलेसी यांनी ते आईच्या ओसरीवर वाडग्याने मापून घेतलं, दाण्याला दाणा समान. तरीही एनेलेसीचा मका काळाभोर हिरवा, पानावर पान लवलेला. आणि फालेसीचा नुसता उभा.

येता-जाता आई धाकटीच्या बांधाशी थांबायची. ते थांबणं फालेसीच्या डोळ्यांत खुपायचं.

एनेलेसीने आपल्या वाट्याच्या खतात शेळीच्या लेंड्या, राख नि कोंडा कालवून तीन आठवडे पोतं बांधून ठेवलं होतं. तेव्हा फालेसी नाकाला पदर लावून म्हणाली होती, "अगं, नवरा पळून जाईल या वासाने."

"जाऊ दे ताई, मका तर राहील."

आता तेच बोल तिला झोंबत होते. धाकटीला अक्कल आहे आणि आपल्याला नाही, असं गाव म्हणणार. मग उरलेलं खत घालायच्या वेळी फालेसीने एक केलं. रोपाला बाटलीचं एक झाकण खत घालायची रीत. तिने वाटेकडच्या ओळींना दोन-दोन झाकणं दिली, तीही अगदी बुंध्याला टेकवून. आईची नजर जाईल तिथे हिरवं दिसलं पाहिजे. मागच्या ओळींपर्यंत जायच्या आत खत संपलं.

पाऊस रुसला. वाटेकडची पानं कडेने करपली, मग वाळली. मागच्या ओळी उपाशी, पिवळ्या. कोठी अर्धीही भरणार नव्हती.

एनेलेसी बांधावर आली. "ताई, दोन झाकणं घातलीस?"

"एकच."

धाकटीने करपलेलं पान बोटांत चुरगाळलं. परतली, आणि पाऊस आला त्या सकाळी डोक्यावर अर्धं पोतं घेऊन आली. वास तिच्या आधी पोचला.

"मागच्या ओळींना घाल. मूठभर, बुंध्यापासून चार बोटं लांब."

"तुझ्या मक्याला पुरलं?"

"उरलं म्हणून आणलं. आणि आईने काही विचारलं तर सांगते, वाटेकडचं शेळीने खाल्लं."

फालेसीला हसू आलं नाही. ती वाकली, मुठी भरू लागली. हाताला तोच वास, संध्याकाळी मक्याच्या पिठाचा शिमा घोटतानाही जाणार नव्हता. ओळ संपताना तिने मान वर केली आणि नकळत पलीकडे पाहिलं, धाकटीचं पान अजून किती काळंभोर हिरवं आहे ते.