समोर नसलेली होडी

शिडाच्या त्या जहाजावर मावशीला तेहेतीस वर्षं झाली होती. दर सफरीला बारा मुलंमुली यायची, पंधरा-सोळा वर्षांची. कुणी घाबरट, कुणी घुमी, कुणी घरच्यांनी हात टेकलेली. दहा दिवसांत त्यांना दोर ओढायला, शीड चढवायला आणि एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकवायचं, हे तिचं काम. खुद्द कप्तानही तिच्याच हाताखाली तयार झालेला. पहिल्या सफरीत बादलीत तोंड घालून आईच्या नावानं रडणारा तो पोरगा आता चाळिशी ओलांडून गेला होता, पण तिला अजून ‘ताई’च म्हणायचा.

ही सफर मात्र ती चोरून करत होती. म्हणजे डोळ्यांचं कुणाला न सांगता. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत, इलाज नाही. जिथे बघावं नेमका तिथेच धुरकट डाग यायचा. कडेचं तेवढं स्वच्छ दिसायचं. म्हणून ती मान वळवून तिरकं बघायला शिकली होती.

‘‘मावशी कोंबडीसारख्या बघतात,’’ एक वात्रट पोरगा म्हणाला, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही हसली.  पण हे जहाज हातचं गेलं तर तिच्याजवळ उरणार काय होतं? दोन खोल्या, आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या घराची भिंत.

या खेपेला एक मुलगी आली होती. कुणी काही म्हटलं की ‘हो’. भांडी घासतेस? हो. माझी पहाऱ्याची पाळी करतेस? हो. पोरांनी तिचं नाव ‘होयबा’ पाडलं. मावशी तिला रोज सकाळी जहाजाच्या पुढच्या टोकाला उभी करायची.

‘‘काय दिसतंय?’’

‘‘तुम्ही सांगाल ते.’’

‘‘माझं राहू दे गं बाई. तुझे डोळे काय म्हणतात?’’

आठव्या दिवशी मुलगी चाचरत म्हणाली, ‘‘तुम्ही म्हणता ते दीपगृह नाही, मावशी. कारखान्याची चिमणी आहे.’’

‘‘बघत होते, तुला कळतं का,’’ मावशी म्हणाली. खोटं बोलली.

शेवटच्या दिवशी जहाज मुलांच्या हाती द्यायची पद्धत होती. मुलं आपल्यातून कप्तान निवडायची. खरा कप्तान खाली दार लावून चहा पीत बसायचा, म्हणजे पोरं हुकमासाठी त्याच्या तोंडाकडे बघणार नाहीत. वर मोठं माणूस एकच, मावशी. तिनंही गप्प बसायचं. जिवावरचं संकट दिसलं तरच बोलायचं, आणि ती बोलली की तिचा हुकूम शेवटचा. मुलांनी होयबाला निवडलं. ती मात्र या वेळी खूप उशिरा ‘हो’ म्हणाली.

दुपारी बंदराचं तोंड आलं. वाट चिंचोळी, डावीकडे खडकांची रांग. पहिल्या दिवशी एका दोराला बारा दिशांनी ओढणारी ती पोरं आता एका दमात शीड उतरवत होती. मावशीला भरून आलं. त्या नादात ती मान वळवायची विसरली आणि सरळ समोर बघत राहिली. समोर एक करडी होडी आडवी आलेली.

‘‘डावीकडे! डावीकडे घे, होडी आहे!’’

सुकाणूवरच्या पोरानं चाक फिरवायला घेतलं. होयबानं पाण्याकडे पाहिलं, मग खडकांकडे.

‘‘नाही! सरळ ठेव!’’ ती ओरडली. ‘‘मावशी, समोर काही नाही. तुम्ही बसा.’’

पोराचे हात थबकले, मग चाक पुन्हा जागेवर आलं. खडक इतक्या जवळून गेले, की त्यांच्यावरचं शेवाळं मावशीला डोळ्याच्या कडेनं दिसलं. ती बसली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

जहाज धक्क्याला लागल्यावर दिवसाची नोंद लिहायला मुलगी खालच्या टेबलाशी बसली. मावशी शेजारी होती. वारा लिहून झाला, वेळ लिहून झाली, आणि पेन थांबलं.

‘‘मावशी, ते मी लिहीतच नाही. आमचं सगळ्यांचं ठरलंय. कुणी बोलणार नाही, तो वात्रटसुद्धा.’’

बाराजणांचं एकमत! तिनंच शिकवलेलं. ‘बरं’ म्हणायला तिची जीभ वळवळली. पुढची सफर तीन आठवड्यांवर होती. नवी बारा पोरं, आणि त्यांच्यातला कप्तान कदाचित तिचं मुकाट ऐकणारा.

‘‘लिही,’’ ती म्हणाली.

‘‘पण मावशी, ते तुम्हाला...’’

‘‘ठाऊक आहे. लिही. ‘प्रशिक्षिकेला नसलेली होडी दिसली. तिनं जहाज खडकांवर घालायचा हुकूम दिला.’ झालं? आता पुढे, ‘कप्तानानं तो मानला नाही.’ हे ठळक काढ.’’

मुलीनं नाक ओढत लिहिलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली. मावशीनं सही केली.

जिन्यावर पावलं वाजली. कप्तान हसत आत आला, ‘‘काय ताई, पोरांनी झकास आणलं की!’’ मावशीनं वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा वाचलं.

‘‘कधीपासून, ताई?’’

‘‘चार महिने झाले.’’

‘‘आणि मला बोलला नाहीत?’’

‘‘बोलले असते तर मला घेऊन आला असतास?’’

 त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर बसला. मावशीनं मान वळवली नाही. त्याचा चेहरा तिला नीट बघायचा नव्हता.