मयत उत्तरवादीचे वारस

अपिलात पक्षकाराने यायची गरज नसते, हे मी यशोदाबाईला अकरा वर्षांत किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. मी तिच्या वकिलाचा कारकून, नवल. अपिलात साक्ष होत नाही, कोणी काही विचारत नाही, न्यायाधीश खालच्या कोर्टाचे कागद वाचतात आणि निकाल देतात. तरी ही बाई दर तारखेला दोंडाईच्याकडची पहिली बस धरून धुळ्याला हजर. "साहेबले मनं तोंड तं दिसू दे," म्हणायची. साहेब सहा बदलले. तिचं तोंड एकानेही पाहिलं नाही.

भांडण सख्ख्या भावाशी, प्रेमराजशी. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीने सोडला, असा कागद त्याने काढला. त्यावर यशोदाबाईचा अंगठा. तिचं म्हणणं, आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती, तिथला कागद आहे म्हणून भावाने अंगठा घेतला. तालुक्याच्या कोर्टात हे तिला धड सांगता आलं नाही, उलटतपासणीत गोंधळली. दावा गेला तो गेलाच, पण निकालपत्रात एक वाक्य आलं : 'वादीने शपथेवर धडधडीत खोटी साक्ष दिली आहे.' प्रेमराजने नक्कल आणून पारावर मोठ्याने वाचली. तेव्हापासून ही काही बोलली की गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. जमिनीचा विषय तिने माझ्याकडे कधी काढला नाही. तिला ते वाक्य खोडून हवं होतं.

आणि आम्ही काय केलं? तारखा घेतल्या. दोन वर्षं खालचं रेकॉर्डच आलं नाही. रेकॉर्ड आलं तेव्हा न्यायाधीशांची जागा रिकामी. न्यायाधीश आले तर जामिनाच्या अर्जांची रांग. चिडचिड करायचाही मला कंटाळा आला होता.

यंदा मार्चात अपील खरोखर बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीत, वर आलं. युक्तिवादाची तारीख लागली. तिच्या आठ दिवस आधी प्रेमराज वारला.

यशोदाबाई आली ती रडून डोळे सुजलेली. मला मात्र मेलेल्याचा राग आला, खोटं कशाला सांगू? उत्तरवादी, म्हणजे अपिलातला समोरचा पक्ष, वारला की नव्वद दिवसांत त्याचे वारस लावावे लागतात, नाहीतर अपील पडतं. मी अर्ज लिहायला घेतला.

"प्रेमराजची बायको?"

"गुंता वहिनी कव्हयनीच मरी गई."

"पोरंबाळं?"

"नही व्हयनात."

"आणखी भाऊ-बहीण?"

"आम्ही दोनच ना, भाऊ."

माझा पेन थांबला. मयताच्या वारसांत एकच नाव बसत होतं, समोर बसलेल्या बाईचं. वकीलसाहेबांनी डोकावून पाहिलं आणि हसले. "यशोदाबाई, सगळी जमीन तुमचीच झाली की! आता कोण कोणाशी भांडणार?"

"मंग ते वाक्य?" तिने विचारलं.

वकीलसाहेबांनी फाईल बांधायला घेतली.

तारखेला न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि सांगितलं, अपील करणारी आणि उत्तरवादीची वारस एकच व्यक्ती आहे, वाद उरला नाही, अपील निकाली. यशोदाबाई उठून उभी राहिली. "साहेब, जमीन नही मांगी मी. मी खोटी शे का नही, इतलं लिखी द्या."

"आजी, वादच नसेल तर कोर्टाला त्यावर काही लिहिता येत नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "समोर कोणी उरलं नाही."

"मी उभी ऱ्हासू ना त्यान्या बाजूले. दोन्हीकडथून मीच बोलसू."

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका न्यायाधीशाने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अक्का, गावात सांगा, जिंकून आले म्हणून."

"काय जिकनं, भाऊ? आते लोके म्हनतीन, खोटं बोलीसन भेटनं नही, मंग भाऊ मराले टपीसन बसनी."

ती रिकामा पेला माझ्या हातात देऊन बस धरायला निघाली, आणि आमच्या अकरा वर्षांची मला लाज वाटली.